बत्तीस इंचांवरची ओढ

मायरिग आला तेव्हा अस्क नदीवर धुकं होतं
आणि त्याच्या बुटांना मेंढ्यांचं कुरण चिकटलेलं.
म्हणाला, दीडशे रत्तल, तेग्वेन. पूर्वीसारखंच.
मी हो-नाही काही बोलले नाही,
त्याला आधी भिंतीशी उभं केलं.

लांबी मी माणसात मोजते, मग लाकडात.
पसरलेले हात, या बोटापासून त्या बोटापर्यंत,
मग नुसताच बाण धरून, कानामागे जाईल तिथवर.
बत्तीस इंच. तेवढं अजून त्याचंच होतं.
उजवा खांदा मात्र
वर जाताना मध्येच एकदा थांबला,
जिना चढताना किल्ली विसरल्याचं आठवावं तसा.

यूचा दांडा माळ्यावर नऊ वर्षं वाळत पडलेला.
बाहेरचं पांढरं लाकूड ताण सोसतं,
आतला तांबूस गाभा दाब सोसतो.
वडील म्हणायचे, घर असंच चालतं.
आई तेव्हा शेजारी बसून दोरीला मेण लावत असायची
आणि वर बघायची नाही.

धनुष्य आखूड ठेवलं तर बाण झटकन सुटतो,
पण लाकडाला वाकायला जागा उरत नाही,
सगळा राग एकाच ठिकाणी गोळा होतो.
लांब ठेवलं तर जरा सुस्त, पण क्षमा करतं.
आणि जड ओढीला क्षमा लागतेच.
मी अठ्ठ्याहत्तर इंचांवर पेन्सिलची रेघ मारली.
खालच्या अंगाला वाटाण्याएवढी एक गाठ होती,
तिच्याभोवती लाकूड जास्त ठेवलं.
गाठीशी वाद घालू नये.

राहिली ओढ.
तिचा एकच नियम मला पाठ आहे:
उतरवता येते, चढवता येत नाही.
म्हणून सगळे जास्तच मागून ठेवतात;
म्हणून या खोऱ्यात किती तरी धनुष्यं
शेगडीच्या वर भिंतीला टांगलेली आहेत,
त्यांना पूर्ण वाकणं कसं असतं ते माहीतच नाही.

तीन आठवड्यांनी त्याला बोलावलं.
कप्पीवरचा काटा बरोबर दीडशे दाखवत होता.
दोरी चढवायलाच दोघं लागलो.
त्याने ओढलं. दोरी हनुवटीपाशी आली.
धनुष्य थरथरलं नाही. तो थरथरला.
आज थंडी आहे, म्हणाला.
आहे, मी म्हटलं, आणि शेगडीत एक ओंडका सारला.

दुसऱ्यांदा हनुवटीपर्यंतही नाही.

खरवडणी त्यानेच माझ्या हातात दिली.
मी पोटाकडून सुरुवात केली, पाठीला हात लावायचा नसतो.
चार ढलप्या, मग वीसदा कप्पीवर ओढायचं, मग काटा.
एकशे चाळीस.
एकशे तेहतीस.
तो खिडकीकडे तोंड करून बसला होता,
न्हाव्यासमोर बसवलेल्या पोरासारखा.
एकशे वीसला विचारलं, थांबू?
त्याने उठून ओढून बघितलं. दोन बोटं कमी पडली.
अजून, म्हणाला.
हा शब्द त्याच्या तोंडून मी आयुष्यभर ऐकलाय.
असा, खाली उतरणारा, पहिल्यांदाच.

एकशे बारा.
दोरी कानामागे गेली आणि तिथे राहिली,
एक श्वास आत जाईल तेवढा वेळ.
बाणाशिवाय सोडायची नसते,
म्हणून त्याने ती इंचाइंचाने परत आणली.
ओढण्यापेक्षा हे अवघड,
आणि ते त्याने खांदा न थांबवता केलं.

मुठीपाशी आकडा कोरू का, मी विचारलं.
लांबी कोर, म्हणाला. तेवढी खरी आहे.

निघताना खाली वाकला,
जमिनीवरच्या ढलप्या टोपीत भरू लागला.
अडतीस रत्तल ओढ, टोपीभर.
शेगडीत घालू नकोस हं, यूचा धूर वाईट.
जाळतंय कोण, म्हणाला,
आणि टोपी छातीशी धरून, उघड्या डोक्याने,
धुक्यात गेला.